चालणाऱ्यांचा हिशोब

देवमन तायडे अकोल्याचा. संख्याशास्त्र शिकून तो १९६४ साली अमरावतीच्या बस कचेरीत लागला. भातकुलीच्या मार्गावर लोक फार खोळंबत, त्यावर तोड काढायचं काम साहेबांनी, खुशालरावांनी, त्याच्यावर टाकलं.

त्यानं स्टँडवर उभं राहून सारं टिपलं. माणसं कशी येतात, गाड्या किती रखडतात, कुठे बिघडतात. मग एकेका नोंदीची एक चिठ्ठी केली. संध्याकाळी बायको, शकुन, डब्यातून डोळे मिटून चिठ्ठी काढायची आणि निघेल तसं देवमन चिंचोके सरकवायचा. चिंचोका म्हणजे प्रवासी, काडेपेटी म्हणजे बस. असे कितीतरी खोटे दिवस दोघांनी घरात बसून चालवले. त्याची पाठ भरून यायची.

"उत्तर तं मिळालं. आता काहून खेळून राहिले?" शकुन विचारायची.

"एकदा मिळालं म्हणून खरं नसते. पुन्हा पुन्हा तेच आलं पाहिजे."

तेच येत राहिलं. नव्या गाड्या नकोत. आहेत त्यातली एक राखून ठेवा, दुसरी बिघडली की तिच्या जागी ही सोडा.

"चालती गाडी उभी ठेवू? लोक मले जोड्यानं मारतील," खुशालराव म्हणाले. वर्षभर मागे लागल्यावर कसेबसे तयार झाले.

सुरुवातीला गर्दी ओसरली. दिवाळीपर्यंत पुन्हा होती तेवढी झाली.

"तुमचे चिंचोके फसले, तायडे," खुशालराव म्हणाले.

देवमन स्टँडवर गेला. रांगेत बांगड्यांची पेटी घेऊन बिस्मिल्लाबी उभी होती.

"मावशी, आधी कोणत्या गाडीनं जात होत्या?"

"कायची गाडी बाबा? पायीच जात होती. गाडीचा भरोसा नोता. आता हाये, म्हनून उभी हाओ."

तिच्यामागच्या तिघींनीही तेच सांगितलं. देवमन बाकावर बसला. त्यानं फक्त स्टँडवर आलेली माणसं मोजली होती. बसला कंटाळून परस्पर चालत गेलेली कोणत्याच चिठ्ठीत नव्हती.

"हिशोब पुन्हा मांडावा लागते," त्यानं खुशालरावांना सांगितलं. "पण राखीव गाडी बंद करू नका. तिच्यामुळंच ही माणसं आली."

खुशालरावांनी कपाळ चोळलं. "मांडा. आणखी एक वर्ष जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी देवमन भातकुलीच्या रस्त्यावर एका बाभळीखाली उभा राहिला आणि चालणारी माणसं मोजू लागला. ऊन चढलं. थोड्याच वेळात त्याला घरी जावंसं वाटलं. पण लांबून आणखी काही जण येताना दिसत होते, म्हणून तो थांबला.