मास्तरांच्या चाकूची क्लिप

सोफ्याच्या कारखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत, ते बावीस वर्षं या कामात मुरलेल्या हातामुळे. त्यांनी मारलेली शिवण पट्टी लावून तपासली तरी सरळच निघायची. अशा माणसाच्या मागे गेले आठ दिवस बोटाएवढी एक क्लिप हात धुऊन लागली होती.

क्लिप त्यांच्या घडीच्या चाकूची. चाकू खिशाच्या काठाला अडकून राहावा म्हणून बसवलेली. घासून घासून तिच्यावरचा काळा रंग उडाला होता, घामाने आतलं लोखंड गंजलं होतं, आणि एक दिवस मास्तर नुकत्याच तयार झालेल्या पांढऱ्या सोफ्यावर ओणवे झाले तेव्हा कापडावर तांबूस रेघ उमटली. मालक मास्तरांहून पंधरा वर्षांनी लहान, पण जिभेला धार भारी.

"मास्तर, आणखी एक डाग पडला ना, तर मागच्या खोलीत जुने सोफे फाडायला बसवीन तुम्हाला."

मागच्या खोलीत नवशिके बसत, नाकाला फडकं बांधून. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण डाग खरा होता.

"चाकू घरी ठेवून जा की," बायको म्हणाली.

"आणि सुतळी काय दाताने तोडू?"

त्या संध्याकाळी त्यांनी क्लिपचे तीन स्क्रू काढले. त्यातला एक लगेच पलंगाखाली पळाला. तो शोधण्यात अर्धा तास गेला. मग पॉलिशपेपरने गंज काढून क्लिप आरशासारखी लख्ख केली आणि वरून बायकोचं बिनरंगी नेलपॉलिश फासलं. दोन दिवसांत त्याचे पापुद्रे निघाले.

"माझी बाटली मात्र संपवलीत," बायको म्हणाली.

मग फवाऱ्याचा काळा रंग. तो क्लिपवर कमी आणि बाल्कनीच्या कठड्यावर जास्त बसला. चौथ्या दिवशी क्लिपच्या कडा पुन्हा उघड्या पडल्या. मास्तरांनी चाकू टेबलावर आपटला आणि त्याच्या बनवणाऱ्याचा मनसोक्त उद्धार केला.

शेवटी गल्लीतल्या कुलूपवाल्याने उपाय सांगितला. "तापवा आणि तेल लावा. काळी होईल, पुन्हा गंजणार नाही. फक्त जास्त तापवू नका हं."

पण मास्तरांचा संयम कधीच संपला होता. थोड्याने भागत नाही, हे त्यांना आठवडाभरात कळून चुकलं होतं. त्यांनी क्लिप चिमट्यात धरून गॅसवर लालबुंद केली, एकदा नव्हे, दोनदा, आणि हळूहळू निवू दिली. मग पुन्हा थोडी शेकून तेल चोळलं. घरभर धूर झाला, बायको खोकत बाहेर गेली, पण क्लिप काळीभोर निघाली. नखाने खरवडून पाहिलं तरी रंग हलेना. खिशालाही आता ती कशी अलगद बसत होती! पूर्वी शिवण ओरबाडायची. मास्तर सुखावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला एक पांढरा सोफा जायचा होता. टेम्पो दारात उभा. मास्तरांनी बैठकीचं कापड ताणून शेवटचा टाका घातला, गाठ मारली आणि दोरा कापायला खिशाकडे हात नेला. खिसा रिकामा.

टेबलावर नाही, जमिनीवर नाही. शेवटचा वापरला कधी? बैठकीतला कापूस कातरताना. तेव्हा ते वाकले होते. मास्तरांनी तळव्याने बैठक दाबत नेली, आणि मधोमध काहीतरी टणक लागलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लालबुंद तापवून त्यांनी क्लिपची स्प्रिंगसारखी पकडच घालवली होती. ती खिशाला धरून नव्हतीच, नुसती टेकली होती.

कुणी पाहिलं नव्हतं. दोरा कात्रीने कापला असता तर सोफा बिनबोभाट गेला असता. पण चाकूचा खटका जुना, दाबाने पातं उघडलं असतं, आणि त्या बैठकीवर कुणीतरी बसणारच होतं. मास्तर स्वतःवर चरफडत मालकांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं.

मालकांनी कागद कापायचं कटर पुढे केलं. मास्तरांनी आपलीच सरळ शिवण टाका-टाका करून उसवली. कापसात चाकू निवांत पडला होता. मालकांनी कापूस उलटापालटा करून पाहिला आणि क्लिपवरून अंगठा फिरवला.

"एक डाग नाही. रंग झकास बसलाय, मास्तर." मग ते दाराकडे वळले. "टेम्पो रिकामा परत पाठवतो. हे नीट शिवून द्या. आणि उद्यापासून मागच्या खोलीत बसा."

मास्तरांनी मान हलवली. सवयीने चाकू खिशाला अडकवला आणि सुई उचलायला वाकले. चाकू घसरून मालकांच्या पायाशी जाऊन पडला.