पातास्तेतलं एक हिरवं मत

निवडणुकीला आठवडा उरला असताना नोर्तेच्या अध्यक्षानं फोनवर चार ओळी खरडल्या आणि पातास्ते गावाची झोप उडाली.

नोर्ते म्हणजे वरचा देश. गावातल्या निम्म्या घरांची पोरं तिथं छपरं ठोकतात, भांडी विसळतात, कोंबड्या सोलतात. त्या अध्यक्षाला नकाशात आमचा देश, होंडुरास, दाखव म्हटलं असतं तर बोट कुठल्या समुद्रात पडलं असतं देव जाणे. पण त्यानं लिहिलं: पिवळ्या पक्षाचा उमेदवार माझा माणूस आहे, तो आला तर आपण दोस्त. नाही आला तर मदत बंद, आणि तुमची जी माणसं इथं आहेत त्यांचं काय करायचं ते मी बघतो.

बस. न्याहारी करता करता लिहिलं असेल. लिहिलं आणि विसरला असेल.

पातास्ते विसरलं नाही. इलारिओशेठनं ते प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात कर्ण्यावर वाचून दाखवलं. इलारिओ गावाची कॉफी विकत घेणारा एकटा व्यापारी आणि पिवळ्यांचा गावातला माणूस. पण त्या दिवशी त्याला प्रचार करावाच लागला नाही. बायका आपापल्या फोनवर पोरांचे फोटो उघडून बघायला लागल्या, जणू पोरं अजून तिथंच आहेत का याची खात्री करत होत्या.

दोमितिला सगळ्यांत मागं उभी होती. तिचा एल्विनही वरच होता, कागदपत्रांशिवाय, सात वर्षं. आणि तिचा नवरा अन्सेल्मो कबरीत होता, तो पिवळ्यांमुळे.

हे गावाला माहीत होतं. मागं एकदा अशीच निवडणूक झाली. हिरवे, म्हणजे पिवळ्यांचे विरोधक, पुढं होते. मग मोजणी थांबली, वीज गेली, आणि वीज आली तेव्हा पिवळे पुढं होते. पहिलं अभिनंदन आलं ते नोर्तेहून, तेव्हाच्या अध्यक्षाकडून. लोक हमरस्त्यावर उतरले. अन्सेल्मो पुलावर उभा होता, हातात घोषणांचा फलक पण नव्हता, तोर्तियांचं, मक्याच्या भाकऱ्यांचं गाठोडं होतं, बसलेल्या लोकांसाठी. गोळी छातीत लागली. कुणाच्या बंदुकीतली, ते कधी ठरलंच नाही. आमच्याकडे गोळीला आईबाप नसतात.

अन्सेल्मो मेला, पण घरातून गेला नाही. भर दुपारी चुलीपाशी खोकायचा. ओल्या बुटांचा वास यायचा, पाऊस नसताना. आमच्याकडे मेलेल्यासाठी पाण्याचा ग्लास ठेवतात. आत्मा लांबून चालत येतो, त्याला तहान लागते. नऊ दिवस झाले की लोक ग्लास उचलतात. दोमितिलानं उचलला नाही. रोज सकाळी पाणी बोटभर कमी झालेलं असायचं. तिला त्याची भीती वाटत नव्हती. उलट एखाद दिवशी पाणी कमी दिसलं नाही तर ती म्हणायची, "का रे, रुसलास का?"

कर्ण्यावरच्या वाचनानंतर दुसऱ्याच दिवशी रेनाल्दा आली, हातात पिवळा झेंडा घेऊन. रेनाल्दा तिची कोमाद्रे. म्हणजे रेनाल्दाच्या ओस्मानला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर दोमितिलानं धरलं होतं, ती त्याची दुसरी आई होती. हे नातं रक्ताच्या नात्यापेक्षा चिवट. सख्ख्या बहिणी भांडतात, कोमाद्रे भांडत नाहीत.

"दाराला बांधते," रेनाल्दा म्हणाली. "सगळ्यांनी बांधलाय. तुझंच दार तेवढं उघडं नको."

"या दारातून त्याचं प्रेत आत आलंय, कोमाद्रे."

"माहितीय गं मला. मीच आंघोळ घातली ना त्याला तुझ्याबरोबर? पण तो गेला. ओस्मान आहे. एल्विन आहे."

"चिंधी बांधून काय होतं? वरून दिसते होय त्याला?"

"झेंडा नाही दिसत. मत दिसतं." रेनाल्दानं आवाज खाली आणला. "ते बोट ठेवायचं यंत्र आणलंय ना शाळेत? ते नोर्तेहून आलंय. बोट ठेवलं की तुझं नाव, तुझ्या पोराचं नाव, सगळं वर जातं. इलारिओशेठ सांगत होता."

"इलारिओ कॉफी तोलताना अंगठा ठेवतो काट्यावर. त्याचं ऐकतेस?"

"या बाबतीत कशाला खोटं बोलेल? त्याचा भाऊपण वरच आहे."

दोमितिला हसली खरी, पण हसू ओठांवरच वाळलं. कारण यंत्रावर निळा दिवा होता, आणि तो कुणासाठी पेटतो हे तिलाही ठाऊक नव्हतं. रेनाल्दानं झेंडा बांधला. दोमितिलानं बांधू दिला.

त्या दिवसापासून ग्लासातलं पाणी कमी होईना. काठोकाठ, जसं ठेवलं तसं. वर धूळ बसायला लागली. आणि खोकला चुलीपाशी यायचा तो आता तिच्या पाठीमागं, मानेजवळ यायला लागला. ती तोर्तिया थापत असली की मागून, अगदी कानाशी. वळली तर कुणी नाही. "असा मागून नको येऊस," ती एकदा ओरडली. "काय असेल ते तोंडावर बोल!" तो बोलला नाही. जिवंत असतानाही मोठ्या गोष्टींवर तो असाच गप्प बसायचा.

शनिवारी एल्विनचा फोन आला.

"आई, इथं लोक कामावर जायला घाबरतायत. एक फुली मारायचीय तुला. एकच."

"तुझ्या बापाला ज्यांनी…"

"बाबा मेले, आई." पोराचा आवाज फाटला. "मी जिवंत आहे. तू मेलेल्याचं ऐकणार का माझं?"

तिनं वचन दिलं. आणि खोटं नाही दिलं, हे मी ठासून सांगतो. ती रविवारी शाळेत गेली ती पिवळ्यावरच फुली मारायला. रांगेत सगळं गाव होतं, सगळ्यांचे चेहरे सणाला निघाल्यासारखे धुतलेले आणि आत मेल्यासारखे. यंत्रावर बोट ठेवताना म्हाताऱ्या बाया क्रूसाची खूण करत होत्या. असं बोट फक्त देवाच्या मूर्तीच्या पायावर ठेवलेलं मी पाहिलंय.

पुठ्ठ्याच्या आडोशामागं ती एकटी होती. मतपत्रिकेवर पिवळ्या उमेदवाराचा फोटो होता, गुळगुळीत, दात दाखवणारा. तिनं पेन्सिल टेकवली. तिला वाटलं, आता मागून खोकला येणार. ती थांबली. वाट बघितली. आला नाही. ओल्या बुटांचा वास नाही, श्वास नाही, काहीच नाही. तिच्या मागं इतकं रिकामं कधी झालं नव्हतं. आणि तिला कळलं की तिनं फुली मारली की हे असंच राहणार. त्याला एकदा पुलावर मारलं, आता इथं, पुठ्ठ्यामागं, आणि या वेळी गोळी कुणाची याबद्दल शंका नसणार.

तिनं हिरव्यावर फुली मारली. भुतानं हात धरला, असं ती पुढं कुणालाही म्हणाली नाही. हात तिचाच होता.

आमच्याकडे मतं सगळ्यांसमोर मोजतात. संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर मतदान केंद्राचा प्रमुख एकेक मतपत्रिका उघडायचा, उंच धरायचा आणि मोठ्यानं ओरडायचा. पिवळा. पिवळा. पिवळा. दर वेळी अंगणातून सुटकेचा श्वास यायचा. पुढं तर लोक त्याच्याबरोबर म्हणायला लागले, आरतीसारखं. पिवळा. पिवळा.

"हिरवा."

तोही दचकला. कागद उलटून पालटून बघितला, जणू दुसऱ्या बाजूला चूक दुरुस्त केलेली असेल. अंगणात कुणी हललं नाही. कुणी दोमितिलाकडे वळूनही बघितलं नाही. सगळं गाव एकाच वेळी एका बाईकडे न बघण्याचा प्रयत्न करतं, ते बघण्यापेक्षा भयंकर असतं. रेनाल्दा तिच्या शेजारीच उभी होती. तिनं दोमितिलाच्या खांद्याला टेकलेला आपला खांदा हळूच बाजूला घेतला.

देशात पिवळे जिंकले. चांगले दणदणीत. नोर्तेहून अभिनंदन आलं. इलारिओनं डुक्कर कापलं, पानात वाफवलेले मक्याचे तामालेस वाटले, लोक नाचले. सुटलो, म्हणाले.

आणि नाताळच्या आधी नोर्तेत ओस्मानला उचललं. छपरावर काम करत होता, खाली पोलिसांची गाडी आली, शिडी काढून घेतली.

अहो, त्या आठवड्यात शेजारच्या तिन्ही गावांतली पोरं उचलली, जिथं हिरव्याचं नावसुद्धा कुणी काढलं नव्हतं. त्या अध्यक्षाचा पिवळा निवडून आला होता, त्याचं काम झालं होतं, आणि त्याच्या गाड्या आधी फिरत होत्या तशाच फिरत होत्या. हे पाच वर्षांच्या पोराला कळेल. पण भ्यालेल्या माणसाला कारण लागतं, आणि पातास्तेकडं एक हिरवं कारण तयार होतं.

रेनाल्दा भर दुपारी आली. आत आली नाही. दारात उभी राहिली.

"एकच होतं, कोमाद्रे. सगळ्या गावात एकच. एकच पोर गेलं."

"त्यांना मत दिसत नाही गं. दिसलं असतं तर माझ्या एल्विनला नेलं असतं ना?"

"तू त्याची दुसरी आई आहेस. तुझ्या खात्यावर दोन पोरं होती. त्यानं माझं उचललं."

खोट्या हिशोबाला खरं उत्तर नसतं. आणि दोमितिलाच्या आत कुठंतरी, जिथं निळा दिवा पेटला होता तिथं, एक बारीक आवाज म्हणत होता, असेल, कोण जाणे.

"काय करू सांग," ती म्हणाली.

काय करायचं ते गावानं आधीच ठरवलं होतं. चर्चच्या अंगणात खुर्ची ठेवली. इलारिओशेठनं फोन धरला. दोमितिलानं नोर्तेच्या अध्यक्षाची माफी मागायची, ते इलारिओ फोनवरून अध्यक्षाच्या पानाखाली टाकणार, जिथं जगभरातले लोक त्याला शिव्या आणि आशीर्वाद देत असतात.

"केस नीट कर, काकी," इलारिओ म्हणाला. "आणि नाव घेताना 'साहेब' म्हण."

"तो माझी भाषा बोलतो का रे?"

"त्याची माणसं असतात. तू बोल."

गाव गोल उभं होतं. रेनाल्दाच्या हातात ओस्मानचा बाप्तिस्म्याचा फोटो, पांढऱ्या झबल्यातला, दोमितिलाच्या कुशीतला. दोमितिलानं त्या काळ्या काचेत बघितलं. काचेत तिचाच चेहरा दिसत होता.

"साहेब," ती म्हणाली, "मी दोमितिला, पातास्ते गावची. हिरव्याला मत मी दिलं. गावाचा दोष नाही. माझा नवरा… माझी चूक झाली. मला माफ करा. ओस्मानला सोडा, त्यानं काही केलेलं नाही."

"'पुन्हा होणार नाही' म्हण," मागून कुणीतरी म्हणालं.

"पुन्हा होणार नाही."

घरी आल्यावर तिनं चुलीपाशी बसून वाट बघितली. खोकला आला नाही. तो पुन्हा कधीच आला नाही. एल्विनचा फोनही कमी होत गेला.

वसंतात विमान आलं, परत पाठवलेल्यांचं. ओस्मान त्यात होता. हातकड्यांचे वळ मनगटावर, बुटांच्या नाड्या काढून घेतलेल्या, नऊ वर्षांचं आयुष्य एका प्लास्टिकच्या पिशवीत. मताबद्दल, व्हिडिओबद्दल त्याला काही ठाऊक नव्हतं. आईनं सांगितलं तेव्हा "कसलं मत?" म्हणाला. "मुकादमानं पगार बुडवला आणि स्वतःच फोन करून आम्हाला पकडून दिलं. रोजचं आहे ते."

रेनाल्दानं ते ऐकलंच नाही. ती धावत दोमितिलाकडे आली, या वेळी सरळ घरात, आणि कित्येक महिन्यांनी तिला मिठी मारली.

"त्यानं तुझं ऐकलं, कोमाद्रे! दुसऱ्या गावांतली पोरं अजून तुरुंगात सडतायत. माझा जिवंत परत पाठवला. तुझं ऐकलं त्यानं!"

दोमितिलानं तिला दोन्ही खांद्यांना धरून समोर बसवलं. "रेनाल्दा, माझ्याकडे बघ. त्यानं काही ऐकलेलं नाही. त्याला तू माहीत नाहीस, मी माहीत नाही, हे गाव माहीत नाही. तिकडं कुणी ऐकत नाही. कुणीच नाही."

रेनाल्दाच्या चेहऱ्यावरचा आनंद विझला. तिनं पटकन दोमितिलाच्या ओठांवर बोट ठेवलं आणि फळीवर पालथ्या ठेवलेल्या फोनकडे बघितलं.

"हळू," ती म्हणाली. "हळू बोल ना, कोमाद्रे."

आणि दोमितिलाच्या लक्षात आलं, की ती आधीपासूनच कुजबुजत होती.