पांढऱ्या खुणांची वाट

सकाळी निघतानाच धाकट्या जावेने विषय काढला आणि माझं डोकं फिरलं.

"ताई, आईंना आता एखाद्या चांगल्या संस्थेत ठेवायला हवं. तुम्ही एकट्या किती दिवस पुऱ्या पडणार?"

म्हणे काळजी! सासूबाई राहतात माझ्याकडे, विसरतात माझ्याकडे, साखरेच्या डब्यात मीठ ओततात तेही माझ्याच घरी. ही महिन्यातून एकदा तोंड दाखवणार आणि मला शहाणपण शिकवणार.

"मी डोळ्यांत तेल घालून सांभाळते त्यांना," मी म्हणाले. "तू तुझं बघ."

तिथून अबोला. सगळं विसरायच्या आत ही तीर्थाची वाट एकदा पायी चालायची, असा सासूबाईंचा हट्ट होता, म्हणून आम्ही तिघी निघालो होतो. आठ दिवसांच्या वाटेतला हा तिसरा दिवस. शेतांमधून जाणारी पायवाट, वळणावळणावर दगडांवर चुन्याचे उभे पांढरे पट्टे. पट्टा दिसला की वाट बरोबर, एवढं सासूबाईंच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी पुढे, त्या मध्ये, धाकटी मागे. मी एकदाही वळून पाहिलं नाही. वळले असते तर धाकटीचं तोंड दिसलं असतं ना!

उन्हं चढल्यावर एका झाडाखाली थांबले. बऱ्याच वेळाने धाकटी लंगडत आली, एकटीच.

"आई कुठे?" मी विचारलं.

"तुमच्यासोबत ना? मी टाचेला पट्टी बांधायला थांबले, त्या पुढे गेल्या. मला वाटलं, तुम्ही बघताय."

"आणि मला वाटलं, तू बघतेयस!"

एक हाक मारली असती तर कळलं असतं. पण हाक मारायची म्हणजे अबोला सोडायचा, आणि तो आधी कुणी सोडायचा?

आलो त्या वाटेने आम्ही धावत सुटलो. दोन शेतं मागे एक फाटा होता. तिथेही दगडावर चुन्याचा पट्टा होता, फक्त आडवा. तो तीर्थाच्या वाटेचा नव्हता, दगडाच्या खाणीच्या हद्दीचा होता. सासूबाईंना उभ्या-आडव्याचं काय? पट्टा दिसला, वळल्या. धुळीत त्यांच्या काठीच्या टोकाच्या खुणा उमटल्या होत्या.

खाणीच्या तोंडाशी लाल निशाण घेऊन मुकादम उभा होता. त्याने आम्हाला हातानेच अडवलं.

"मागे व्हा! तिसरी शिट्टी झालीय. सुरुंगाची वात पेटलीय."

"एक म्हातारी आलीय का इकडे?"

"इतक्या शिट्ट्या मारल्यावर कोण येतंय?"

तेवढ्यात मला त्या दिसल्या. खाली, खाणीच्या पलीकडच्या कडेला, एका सपाट शिळेवर बसून त्या निवांत डबा उघडत होत्या. मुकादमाचा चेहरा उतरला. "वात आता विझवता येत नाही," तो म्हणाला. "चार-पाच मिनिटं आहेत. आत्ता उठल्या तर वाचतील."

"आई! आई!" मी घसा फाटेपर्यंत ओरडले. कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात उभा जन्म काढून सासूबाईंचे कान गेलेले. हे मला ठाऊक नव्हतं का? रोज त्यांच्या कानाशी मीच तर ओरडते. पण घाबरलेल्या माणसाला दुसरं सुचत नाही.

"ताई, ओरडू नका," धाकटी म्हणाली. "तुमच्या डब्याचं झाकण काढा. उन्हात धरा आणि त्यांच्या तोंडावर चमकवा."

मी पिशवीतून डबा काढून झाकण उन्हात धरलं. उजेडाचा ठिपका खडकावर नाचला, घसरला, पुन्हा चढला आणि एकदाचा त्यांच्या डोळ्यांवर पडला. त्यांनी कपाळाला हात लावून वर पाहिलं.

धाकटी मुरमाच्या ढिगावर चढली होती. तिने दोन्ही हात उंच केले, चिमट्यांत काहीतरी धरल्यासारखं केलं, झटक्याने हात एकमेकांपासून लांब केले आणि मग दोन्ही तळवे छातीकडे ओढले. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

लग्नाआधी धाकटी त्याच गिरणीत, सासूबाईंच्या शेजारच्या मागावर होती. तिथे कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, सगळं बोलणं हातांनी. घरीही दोघी तशाच बोलायच्या आणि मी त्याला माकडचेष्टा म्हणायचे.

"काय सांगतेयस?"

"धागा तुटलाय, असाल तशा या."

सासूबाई उठल्या. डबा तिथेच, पिशवी तिथेच, काठीसुद्धा तिथेच. मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट वेगाने त्या चढ चढू लागल्या. मुकादमाने निशाण फेकलं, अर्ध्यावर जाऊन त्यांना धरलं आणि ओढतच वर आणलं. आम्ही चौघं तिथे उभ्या असलेल्या डंपरच्या आड जेमतेम पोचलो आणि जमीन हादरली. टपावर दगड बदाबदा आदळले. धूळ बसल्यावर पाहिलं, ती शिळा ढिगाऱ्याखाली गेली होती.

मी सासूबाईंना कवटाळून हमसाहमशी रडले. त्यांनी मला जरा दूर केलं, निरखून पाहिलं आणि धाकटीकडे वळून बोटं हलवली.

"काय म्हणतायत?"

"काही नाही, ताई."

"खरं सांग."

ती खाली बघत म्हणाली, "विचारतायत, ही रडणारी बाई कोण?"

रोज त्यांना न्हाऊ घालणारी मी, घास भरवणारी मी! काळजात कळ आली. धाकटीचाही राग आला, अगदी खोटं कशाला बोलू? तिने सासूबाईंना हातांनी बरंच काही सांगितलं.

"काय सांगितलंस?"

"ही तुमची मोठी सून. हिच्याच घरी तुम्ही असता. हिने झाकण चमकवलं म्हणून तुम्ही वर पाहिलंत."

संस्थेचं काय करायचं ते मला त्या क्षणीही कळत नव्हतं. पण डोळ्यांत नुसतं तेल घालून भागत नाही, एवढं कळलं होतं.

"मोठी सून कसं म्हणालीस? परत दाखव."

तिने सावकाश दाखवलं. मी तसं करायला गेले आणि बोटांचा गुंता झाला. सासूबाईंनी च् केलं, माझा हात आपल्या हातात घेतला आणि चुकलेलं बोट सरळ केलं.