कुंपणावरच्या मोगली एरंडाचा चीक

सकाळचे बरोबर सव्वासात. रेडिओवरच्या बातम्या नुकत्या संपल्या होत्या. या घरच्या सुनेनं, हौसानं, कुंपणाचं एक पान कचकन खुडलं आणि देठातून मी बाहेर आलो. मी मोगली एरंडाचा चीक बोलतोय.

तसा माझा जन्म झाडासाठी. फांदी मोडली, साल सोलली, की मी धावत जातो. आधी पाण्यासारखा पातळ, मग वाळून कांद्याच्या पापुद्र्यासारखा. जखम चिकटून बंद होते, बाहेरचे जंतू बाहेरच राहतात. हे मला कुणी शिकवलं नाही. पोटातलंच शहाणपण ते.

विट्याजवळच्या या माळावर आम्हाला कुणी पाणी घालत नाही. शेरडंसुद्धा तोंड लावत नाहीत, म्हणून तर कुंपणाला ठेवलंय. पोरं मात्र येतात. देठाचं कडं करतात, त्यात माझा पडदा धरतो, तो हळूच फुंकतात. मी फुगतो, तरंगतो. माझ्यात ढग येतात, उलटी घरं येतात, फुंकणाऱ्या पोरीचे मोठ्ठे डोळे येतात. मग मी फुटतो. पण वाईट वाटत नाही. तेवढ्यात सगळा माळ फिरून झालेला असतो.

हौसानं पान खुडलं त्या दिवशी मात्र खेळ नव्हता. साल चौऱ्याण्णव, बाजरी नुकती काढलेली. हौसाची चार वर्षांची लेक नीलिमा अनवाणी पळाली आणि बाजरीचा धस, कापलेल्या ताटाचा टोकदार बुडखा, तिच्या टाचेत घुसला. रक्त थांबेना. हौसाची सासू तानुबाई, तिनं मूठभर माती उचलून जखमेवर दाबली.

"आवं आत्याबाई, माती कशाला?"

"गप गं. मातीनं रगत थांबतंय. माझी सहा पोरं मातीवरच मोठी झाली. तू काय डाक्टरीण लागून गेलीस?"

हौसा पान खुडायला कुंपणाकडं धावली. त्या मातीवरच तिनं मला थेंब थेंब सोडलं. मी माझं काम चोख केलं, आणि तिथंच चुकलं.

तिसऱ्या दिवशी नीलीच्या जांघेत अवधाण आलं, गाठ हाताला लागायला लागली. अंग तापलं. टाच फुगली, आणि मी वरून तकतकीत.

"खपली कशी झ्याक धरलीया! हात लावू नगंस," तानुबाई म्हणाली.

हौसा लेकीच्या पायाशी बसून माझ्याकडं बघत राहिली. तिचा श्वास मला लागत होता. सोडव मला बाई, असं सांगावंसं वाटत होतं, पण चिकाला वाचा कुठली? मग तिनं वाकून टाचेचा वास घेतला आणि ताडकन उठली.

"वास मारतोय, आत्याबाई. मी दवाखान्यात निघाले. रागवायचं ते मागनं रागवा."

पोरीला कडेवर मारून ती चालत सुटली. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी पाय कोमट पाण्यात ठेवला. मी मऊ झालो, सुटलो. मागोमाग पू आला, माती आली, धसाची एक काडीही आली.

"चीक लावलावता व्हय? चीक चांगला हाय गं. पर घरात चोर ठिवून कुलूप घातलंस की!"

हौसाला रडू फुटलं.

"आता रडू नगं. येळेवर आणलीस. आणखी दोन दिस गेलं असतं, तर सांगलीला पळवावी लागली असती." असं म्हणत त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन भरलं. नीलीनं दवाखाना डोक्यावर घेतला. हौसाला तो आवाजसुद्धा गोड लागला.

नीली बरी झाली. आता ती शाळेत जाते. आणि आज मी हौसाच्या अंगठ्यावर आहे. विळा जरासा निसटला. या खेपेला तानुबाईनंच उकळून गार केलेल्या पाण्याची धार धरली. "नीट चोळ की! कडंला माती दिसतीया अजून." तिची खात्री पटल्यावरच माझी पाळी आली.

आता मी वाळलोय. माझ्याखाली नवी कातडी धरतेय, मऊ, गुलाबी. एक-दोन दिवसांत मी भांडी घासताना गळून जाईन, कुणाला कळणारही नाही.

त्याआधी एक मागणं आहे. आधी जखम धुवा. ती खोल असेल तर माझ्यावर विसंबू नका, दवाखाना गाठा. माझ्या बियाही पोरांच्या हाती पडू देऊ नका, त्या विषारी असतात. मला झाकता येतं, धुता येत नाही. एवढं शेजारणीला सांगा, आणि तिला म्हणावं, तूही तुझ्या शेजारणीला सांग.