खुशालरावाच्या चाकामागे

ज्योत्स्ना गेली हे मला खुशालरावाच्या फोनवरून कळलं. रविवार होता. मी कूलरमधलं मागच्या वर्षीचं गवत उपसून अंगणात टाकत होतो. राजापेठेतल्या आमच्या गल्लीत ट्यूशनच्या पोरांच्या गाड्यांचा गोंगाट चालला होता, म्हणून त्याचं पहिलं वाक्य ऐकू आलं नाही. दुसरं आलं.

"देवमनभाऊ, तुमी आधी बसा."

मी बसलो नाही. तो म्हणाला, मॅडम बोरगावजवळ सायकलवरून उतरल्या, पाणी प्यायल्या आणि तिथंच कोसळल्या. अकोल्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय बंद पडलं असं डॉक्टर म्हणाले.

मी एकच विचारलं, "तुमी होते तिथं?"

"होतो ना भाऊ. मीच होतो."

तेव्हापासून ते शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. मीच होतो.

ज्योत्स्ना, माझी बायको, शाळेत गणित शिकवायची. पंचेचाळिशी ओलांडल्यावर तिला सायकलचा नाद लागला. चौकापर्यंत फेरी मारून येण्याचा नाही. दोनशे, तीनशे किलोमीटर एका दमात जायचं, ठरलेल्या ठिकाणी शिक्का घ्यायचा, ठरलेल्या वेळेत परत यायचं. याला ब्रेव्हे म्हणतात. त्यात पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत आलात तर झालं, नाही तर नाही. तिची तीनशेची झाली होती, चारशेची तयारी चालली होती.

खुशालराव अकोल्याचा. जठारपेठेत त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. दोघांची ओळख अशाच एका ब्रेव्हेत झाली. मग रविवारी ती अमरावतीहून निघायची, तो अकोल्याहून, आणि अर्ध्या वाटेत मूर्तिजापूरला भेटायचे. तिथं चहा-नाश्ता करून एका रविवारी दोघं अमरावतीकडे वळायचे, पुढच्या रविवारी अकोल्याकडे. अकोल्याला गेली की ती रेल्वेनं परत यायची.

लोक बोलायचे, मी ऐकायचो. मला खुशालरावाचा हेवा तेव्हाही वाटायचा. पण संध्याकाळी ती घरी यायची, मोजे काढून खुर्चीवर फेकायची, आणि हेवा तिथंच संपायचा. ती गेल्यावर तो संपवायला कोणी राहिलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी खुशालराव आला. वंदना झाली, भंतेजी बोलले, शाळेतल्या बाई बोलल्या. मग तो उठला.

"मॅडम रस्त्यानं गानं म्हनत येत," तो म्हणाला. "चढ आला का आवाज मोठा होये." एवढंच बोलून तो सगळ्यांसमोर रडायला लागला.

बाहेरगावाहून आलेली आमची मुलगी दीक्षा माझ्या कानाशी वाकली. "बाबा, आई गायची?"

"गायची," मी म्हणालो.

मी तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या संसारात स्वयंपाकघरातसुद्धा नाही.

त्यानंतर काही दिवसांनी तो तिची सायकल पिकअपमध्ये घालून घेऊन आला. स्वच्छ धुतलेली, साखळीला तेल दिलेलं. त्याला वाटलं चांगलं काम केलं. मी सायकलभोवती फिरून पाहिलं. चाकांना कुठंच माती नव्हती. ती ज्या रस्त्यावर शेवटची होती त्याची धूळ यानं आपल्या दारात पाण्यानं घालवली होती. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

मला एक गोष्ट कळायला हवी होती. पाणी प्यायल्यावर ती काय बोलली? काही तरी बोलली असणारच. गप्प राहून पाणी पिणारी बाई नव्हती ती. ते फक्त खुशालरावाला माहीत होतं. फोन करून विचारता आलं असतं. पण माझ्या बायकोचं शेवटचं बोलणं मी दुसऱ्या माणसाकडे हात पसरून मागायचं, हे मला जमेना. मी ठरवलं, आधी त्याच्या बरोबरीचं व्हायचं. ऑगस्टमध्ये अमरावती ते अकोला आणि परत अशी दोनशेची ब्रेव्हे होती. ती पुरी करायची आणि मग विचारायचं.

मी फोन लावला. "मले शिकवा."

"सायकल?" तो म्हणाला. "भाऊ, तुमचं वय काय?"

"तुमच्याएवढंच असन."

"मंग बराबर हाय. मराचंच वय हाय हे." तो हसला. मग म्हणाला, "रविवारी सायकल रेल्वेनं घेऊन मूर्तिजापूरले या."

मी तिच्याच सायकलवर शिकलो. त्यानं सीट दोन बोटं वर करून दिली. भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं. शेंगदाण्या-गुळाचे लाडू आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे खिशात ठेवायचे. चढावर जोर लावायचा नाही, हलक्या गिअरवर पाय फिरते ठेवायचे. पंक्चर काढताना घाई करायची नाही, टायरमधला काटा आधी बोटानं शोधायचा. प्रत्येक गोष्ट तो तिच्या नावानं सांगायचा.

"मॅडम बटाट्याले जिरं लावत."

बटाटे माझ्या घरचे, जिरं माझ्या घरचं, आणि ते मला तो सांगत होता.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाऱ्याची. समोरून वारा असला की एकानं पुढं राहून तो तोडायचा. दुसऱ्यानं त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून यायचं. मागच्याला वारा लागत नाही, त्याचे कष्ट निम्मे होतात. मग अदलाबदल करायची. जोडीनं जाणारे सगळे असंच करतात.

मूर्तिजापूरला ते दोघं मनकर्णाबाईच्या हॉटेलात चहा घ्यायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिनं आधी सायकल पाहिली, मग मला.

"हे मॅडमची सायकल नोय का?"

"मी त्यायचा घरवाला."

"असं का." तिनं चहा पुढं केला. "गेली बिचारी. दोघं येत तं एका मांगं एक, दोरीनं बांधल्यावानी. मी म्हनो, अवो, जरा दुरून चाला, ठोकसान एखांद्या दिवशी!"

खुशालराव हसला. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून मला एकच दिसायला लागलं. तासन् तास ज्योत्स्नाच्या डोळ्यांसमोर या माणसाची पाठ. घामाच्या मिठानं पांढरा झालेला निळा शर्ट, मानेवरचा काळा तीळ. माझी पाठ तिनं एवढा वेळ कधी पाहिली नसेल. मी ठरवलं, त्या जागेवर मी बसणार नाही.

"मांगं या भाऊ," तो म्हणायचा.

"मले मोकळं बरं वाटते."

"तुमचा गुडघा बोलन एक दिवस."

"बोलू द्या. घरात दुसरं कोनी बोलाले नाई."

उन्हाळ्यात आम्ही पहाटेच निघायचो, तेव्हा वारा नसायचा. निभावलं. मूर्तिजापूरहून आम्ही दर वेळी अमरावतीकडेच वळायचो. अकोल्याकडे जायचं त्यानं नाव काढलं नाही, मीही नाही. बोरगाव त्या बाजूला होतं.

ब्रेव्हेच्या दिवशी ढग होते, पाऊस नव्हता. बडनेरा मागं पडलं आणि पश्चिमेचा वारा छातीवर आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची कपाशी आमच्याकडे तोंड करून वाकली होती. बाकीचे सगळे एकमेकांमागे लागून पुढं निघून गेले.

"भाऊ, आज हट्ट नका करू. मांगं या."

"तुमी व्हा पुढं."

तो पुढं झाला नाही. माझ्या बाजूनं, माझ्याच वेगानं, त्याच वाऱ्यात चालत राहिला. दोन म्हातारे होत चाललेले पुरुष शेजारी शेजारी, दोघंही पुरा वारा खात. मूर्तिजापूरला मनकर्णाबाई हॉटेलातूनच ओरडली, "आज दोन रांगा काहून लावल्या?"

कुरणखेड गेलं. बोरगावच्या अलीकडे एका लहान पुलाशी खुशालरावाचे पाय थांबले. डाव्या बाजूला बाभळी होत्या. तो मुद्दाम तिकडे पाहत नव्हता, त्यावरूनच मला जागा कळली. त्याची सायकल हळू झाली. तो थांबणार होता, आणि थांबला असता तर त्यानं सगळं सांगितलं असतं. आपण होऊन, दया आल्यासारखं. मला तसं नको होतं. मी जोर लावला आणि वाऱ्यात पुढं निघालो.

बोरगाव ओलांडलं आणि माझ्या मांड्या दगड झाल्या. मला उतरताही आलं नाही. मी सायकलीसकट कडेच्या गवतात पडलो.

तो आला, माझा पाय सरळ करून पंजा आपल्या छातीशी दाबून बसला. दाबता दाबता ओरडायला लागला.

"काहून करता असं? एवढे महिने झाले, एक डाव मांगं नाई आले. माह्या चाकाले काटे हायेत का?"

"तिथं ती राहे," मी म्हणालो. "मले तिथं नाई बसाचं."

"कोन राहे?"

"ज्योत्स्ना. तुमच्या मांगं."

"माह्या मांगं?" त्याला हसू आलं आणि अर्ध्यातच थांबलं. "भाऊ, मॅडम कवा मांगं राहिल्या? त्या पुढं राहत. वारा त्याच तोडत. मी म्हनो, आता मी येतो पुढं, तं म्हनत, मले समोर पाठ नको, रस्ता पायजे. मांगं मीच राहो."

एवढे महिने मी ज्या जागेवरून जळत होतो ती जागा त्याचीच होती. म्हणजे तिची पाठ यानं पाहिली होती. तिचं गाणं यानं मागून ऐकलं होतं. हे तर त्याहून वाईट होतं.

"मंग सारं तुमालेच भेटलं," मी म्हणालो.

"काय भेटलं?" त्यानं माझा पाय खाली ठेवला. "तुमच्या घरी लोकं आले. भंतेजी आले. पोरीनं तुमचा हात धरला. मी त्या दिवशी दवाखान्यातून घरी गेलो तं बायको म्हने, जेवता का? मी जेवलो. काय सांगू तिले? माही कोन मेली? मले सुतकबी नाई." त्यानं तोंड पुसलं. "तुमच्याकडं पाहिलं का मले जळन होते, भाऊ. खरं सांगतो."

माझ्याकडे कोणाला जळण्यासारखं काही उरलं आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं.

अकोल्यापर्यंत मी त्याच्या चाकामागे गेलो. वारा खरोखरच लागत नाही तिथं. मला ते आवडलं नाही, पण पाय चालले. शिक्क्याच्या ठिकाणी पोचलो तेव्हा पोरं टेबल आवरत होती. "काका, वेळ संपली." माझी संपली तशी त्याचीही संपली. तो मला सोडून गेला असता तर केव्हाच परतीला लागला असता. त्यानं तसं बोलूनही दाखवलं नाही, आणि त्याचाही मला राग आला.

तो मला जठारपेठेत आपल्या घरी घेऊन गेला. त्याची बायको कौशल्या दारात उभी होती.

"या भाऊजी. एक कमी होता, आता तुमीबी लागले का नादी?"

तिनं भाकर आणि बरबटीची भाजी वाढली. खुशालराव आंघोळीला गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मॅडम गेल्यापासून यायनं घरात त्यायचं नाव नाई घेतलं. एक डावबी नाई. म्हून तं मले समजलं."

"राग नाई येत तुमाले?"

"येते ना. जित्ती असती तं भांडली असती मी. आता कोनाशी भांडू?" तिनं माझ्या ताटात अजून एक भाकर टाकली. "तुमी खा."

खुशालराव डोकं पुसत आला आणि माझ्यासमोर बसला. कौशल्या आत गेली नाही.

"भाऊ, तुमी तिथं थांबले असते तं सांगतलं असतं मी. पानी पेल्यावर मॅडम मले म्हने..."

"आज नाई," मी म्हणालो. "दोनशे झाल्यावर."

"आता दोनशे डिसेंबरात हाय."

"डिसेंबरात मंग."

"लय खडूस मानूस हा तुमी," तो म्हणाला आणि त्यानं कौशल्याकडे पाहिलं.

त्यानं मला स्टेशनवर सोडलं आणि मी गाडीनं परत आलो. रविवारी आम्ही आता पुन्हा मूर्तिजापूरला भेटतो. समोर वारा असला की तो पुढं होतो, मी मागं लागतो, मग अदलाबदल करतो. मी पुढं असलो की मागं वळून पाहत नाही. त्या वेळी तो कोणाची पाठ आठवत असेल हे मला माहीत आहे, आणि ते मला अजून सहन होत नाही.

अकोला ते अमरावती हे परतीचं अंतर मी अजून सायकलनं कापलेलं नाही. ती शेवटी काय बोलली, तेही विचारायचं राहिलं आहे.