स्टेनशेरचा म्हातारा

नवा चष्मा घेऊन गुन्वोर वासा शहरातून परत येत होती, म्हणूनच त्या दिवशी ती पाहुण्यांच्या बोटीवर होती. एरवी ती त्या बोटीत पाय ठेवत नसे. बोट तिच्या दिराची, वाल्फ्रिडची. जूनच्या मध्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत रोज सकाळी तो पलीकडच्या धक्क्यावरून तीस-चाळीस माणसं भरायचा, बेटांच्या भुलभुलैयातून फिरवायचा आणि दुपारी त्यांच्या स्वतःच्या बेटावर, स्टेनशेरवर, उतरवायचा. मग ती माणसं लाकडी मनोऱ्यावर चढायची, कुरणाच्या मधोमध उभी असलेली बोटघरं बघून हसायची, आणि उतरून आली की धक्क्याजवळच्या जुन्या बोटघरात गुन्वोरच्या हातचं माशाचं सूप ओरपायची. सोळा वर्षं हे असं चालू होतं. बोट त्याची, चूल तिची.

ती मागच्या टोकाला, दोरखंडांच्या ढिगाशेजारी बसली होती. पुढे सुकाणूपाशी वाल्फ्रिड ध्वनिक्षेपकात बोलत होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा, पण पाहुणे दिसले की म्हाताऱ्याला पालवी फुटायची.

"मंडळी, ते लाल बोटघर बघा. माझ्या आजोबांनी अगदी पाण्याला टेकून बांधलं. आता पाणी तिथून अडीचशे पावलं लांब. बोटघर हललं नाही हो, समुद्रच कंटाळून निघून गेला!"

लोक हसले.

"हजारो वर्षांपूर्वी आमची जमीन बर्फाखाली चेपली गेली होती. ती अजून उठतेच आहे. वर्षाला नखभर. आमच्या म्हाताऱ्यांसारखी: कण्हत उठते, पण उठते."

गुन्वोर बाहेर बघत राहिली. हे विनोद तिला पाठ होते. नव्या चष्म्यातून दगड फारच स्वच्छ दिसत होते, आणि दगडांवर बसलेले पक्षीही.

तेवढ्यात बोटीचा वेग कमी झाला. उत्तरेच्या उथळ पाण्यात, नेहमीच्या वाटेपासून बऱ्याच आत, एक तांबूस खडक टेबलाएवढी पाठ काढून पडला होता. त्यावर एक सील ऊन खात होता. सगळ्यांनी फोन वर केले.

"हा आपला म्हातारा," वाल्फ्रिड म्हणाला. "पाच-सहा वर्षांपूर्वी याचं टक्कल पहिल्यांदा बाहेर आलं. कुठल्याच नकाशात नाही हा. पण मी याला पन्नासच्या वर वर्षं ओळखतो. पाण्याखाली होता तेव्हापासून! माझ्या बाबांनी दाखवला, आणि फक्त मला. थोरल्या मुलालाच दाखवायचा, अशी आमच्या घरची रीत. का? तर ऑक्टोबरात सिक मासा अंडी घालायला याच्याभोवती येतो. मोठमोठा, हाताच्या कोपरापर्यंत! अशी जागा माणूस स्वतःच्या बायकोलाही सांगत नाही."

पुन्हा हशा पिकला. गुन्वोर हसली नाही. तिने किनाऱ्याकडे बघितलं, मग खडकाकडे, मग परत किनाऱ्याकडे. समोर जो गोट्यांचा काठ दिसत होता, तिथंच एकोणचाळीस वर्षांपूर्वी हेल्मरची बोट लागली होती. बोट लागली होती आणि हेल्मर लागला नव्हता. तो दोन दिवसांनी सापडला.

हेल्मर तिचा नवरा, वाल्फ्रिडचा धाकटा भाऊ. एकतीस वर्षांचा होता. ऑक्टोबरातल्या एका सकाळी दोघे भाऊ दोन बोटींतून हेरिंग माशांची जाळी काढून परत येत होते, धुकं होतं, आणि वाल्फ्रिड एकटाच आला. तो दारात उभा राहून म्हणाला होता, "गुन्वोर, तो प्यायला होता गं. वाट सोडून भलतीकडे गेला. मी हाका मारून मारून थकलो." स्टेनशेरवर दारूला कुणी शिवत नसे, निदान प्रार्थनागृहाच्या खिडकीतून दिसेल असं तरी नाही. हेल्मर मात्र उन्हाळ्याच्या सणाला दोन घोट घ्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग काय, लोकांना पटायला वेळ लागला नाही. मयताच्या वेळी पाद्र्याने बाटलीवरच प्रवचन झोडलं. गुन्वोर पहिल्या बाकावर सहा वर्षांच्या सिवला मांडीवर घेऊन मान खाली घालून ऐकत होती. शरमेने ती इतकी पिचली होती, की रडायचंही राहून गेलं.

आणि वाल्फ्रिडने त्यांना सांभाळलं. दर हिवाळ्यात त्याने तिच्या दारी सरपण रचलं, मासे आणून दिले, छपराची गळती काढली. "असा दीर मिळायला नशीब लागतं," असं बाया म्हणायच्या. गुन्वोरलाही तसंच वाटे.

बोट धक्क्याला लागली. पाहुणे मनोऱ्याकडे निघाले. वाल्फ्रिड दोर बांधत होता. गुन्वोर त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, तेव्हा तो दचकला.

"तू? तू बोटीत होतीस?"

"मागे होते."

"अगं, मग सांगायचं ना. पुढे बसवलं असतं. चष्मा छान दिसतो."

"दिसतंयही छान. वाल्फ्रिड, तो म्हातारा हेल्मरला माहीत होता?"

वाल्फ्रिडने बांधलेला दोर सोडला आणि पुन्हा बांधायला घेतला.

"बाबांनी थोरल्याला दाखवला. रीत होती ती."

"म्हणजे नव्हता माहीत."

"नव्हता."

"त्या दिवशी तो प्यायला होता?"

"गुन्वोर, आता या सगळ्याला…"

"प्यायला होता का? हो की नाही, एवढंच सांग."

"कॉफीत घोटभर टाकली होती. मीही घेतली होती. हात गारठले होते." त्याने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "नाही. प्यायलेला नव्हता."

मनोऱ्यावरून कुणीतरी खाली हात हलवला. वाल्फ्रिडनेही सवयीने हात हलवला.

"तुझी जाळी तिथं लावलेली होती ना? ऑक्टोबर होता."

"होती."

"म्हणजे तो तिकडे गेला, तर जाळ्यावर तरंगणारी बुचं दिसून त्याला जागा कळणार होती."

वाल्फ्रिडने दोराला आणखी एक गाठ मारली.

"अरे, बोल की! मघाशी किती बोलत होतास!"

"धुक्यात मला वाटलं, खडक येण्याआधी तो आपणच बाजूला वळेल," तो म्हणाला. आता त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "जवळची वाट धरत होता तो. सिवला ताप होता, त्याला घरी यायची घाई. मी ओरडणारच होतो. पण ओरडलो असतो, तर तो म्हणाला असता, का रे, तिथं काय आहे? मी म्हटलं, थांबू, बघू. जरासंच थांबलो, गुन्वोर. श्वास घेण्याइतकं. मग आवाजच आला."

"मासे लागले का रे?"

"काय?"

"त्या जाळ्याला. मासे लागले होते का?"

वाल्फ्रिडच्या डोळ्यांत पाणी आलं. गुन्वोरला त्या पाण्याचा राग आला. रडायचा हक्कही याने आधीच उचलला, असं तिला वाटलं. ती पाठ फिरवून चुलीकडे गेली, कारण चाळीस माणसं अर्ध्या तासात भुकेली होऊन खाली येणार होती आणि बटाटे अजून सोलायचे होते.

तिने सूप केलं. दूध फाटू दिलं नाही, मीठ बरोबर टाकलं, वरून शेपू चिरून घातला. हात आपले काम करत होते. पाहुणे बाकांवर बसले, गोडसर काळ्या पावाला लोणी लावू लागले. वाल्फ्रिड नेहमीप्रमाणे दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. जायचं तरी कुठे, त्याची माणसं इथंच जेवत होती.

गुन्वोरने पळी खाली ठेवली.

"तुम्ही मघाशी ज्या खडकाचे फोटो काढलेत," ती म्हणाली, "त्याच्यावर माझा नवरा मेला."

चमचे थांबले. तिने सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, एखादी गोष्ट जोडली नाही. धुकं, दोन बोटी, जाळी, श्वास घेण्याइतका वेळ. एकोणचाळीस वर्षं नवऱ्याला दारुडा समजत राहिले, हेही सांगितलं. हेलसिंकीहून आलेली एक निवृत्त शिक्षिका शेजारच्या जर्मन जोडप्याला हळू आवाजात सगळं समजावून सांगत होती. शेवटी गुन्वोरने दाराकडे बोट केलं. "हा तो भाऊ."

जर्मन जोडप्याने वळून वाल्फ्रिडकडे बघितलं. मग त्या शिक्षिकेने डोळे पुसले आणि टाळी वाजवली. एकटीनेच, आधी हळू. मग बाकीच्यांनी. बघता बघता अख्खं बोटघर टाळ्यांनी दणाणलं.

गुन्वोरला वाटलं, आपण भाषा चुकलो की काय.

"अप्रतिम!" जर्मन गृहस्थ म्हणाला. "किती ताकदीने सांगता तुम्ही! आणि तोही इथंच उभा. दोघं जरा जवळ उभे राहता का? एकच फोटो."

"त्या खडकावर उतरता येतं का हो?" मागून एका बाईने विचारलं.

गुन्वोरने एप्रन सोडला, सुपाच्या पातेल्यावर टाकला आणि ती घरी गेली.

पुढच्या आठवड्यात बोट भरून वाहू लागली. लोकांनी नेटवर लिहिलं होतं, बेटं सुंदर आहेतच, पण ती विधवा चुकवू नका. सहली विकणाऱ्या कंपनीतल्या एका बाईचा फोन आला. आवाज मधासारखा.

"ही गोष्ट रोज सांगाल का? अगदी तशीच. काही सजवायचं नाही, तेच तर भिडतं लोकांना."

"माझा नवरा काय रोज मरणार आहे?" गुन्वोर म्हणाली.

"बघा, हे वाक्यसुद्धा किती छान आहे!"

गुन्वोरने फोन ठेवला. सूप बंद केलं. दुकानवाल्याची बायको बिर्गित दुसऱ्याच दिवसापासून सूप करू लागली, आणि ऐकण्यात आलं की जेवताना गोष्टही तीच सांगते, जास्त रंगवून.

एका रविवारी प्रार्थना संपल्यावर गुन्वोर उभी राहिली. जिथून ते प्रवचन झालं होतं, तिथूनच तिला एक वाक्य हवं होतं: हेल्मर प्यायलेला नव्हता. बस्स. तो पाद्री केव्हाच वारला होता. प्रार्थना-मंडळातला सर्वांत वडील माणूस, एडवीन, तिचा हात धरून बाजूला घेऊन गेला.

"गुन्वोर, चाळीस वर्षं झाली गं. क्षमा कर आणि मोकळी हो."

"माझ्याकडे क्षमा मागितली कुणी?"

"त्याने तुमच्यासाठी किती केलं, ते बघ."

"तेच बघतेय रे. सरपणाची एकेक ढलपी आता बघतेय."

"आणि मोसम चालू आहे," एडवीन खाली बघत म्हणाला. "गावाची चार घरं त्या बोटीवर जगतात. आत्ता नको. हिवाळ्यात बघू."

वाल्फ्रिड एकदा मासे घेऊन दारात आला. ती म्हणाली, "खाली ठेवू नकोस, मांजर खाईल. मला मांजराला विष द्यायचं नाही." तो परत गेला. पण बोट थांबली नाही. रोज सव्वाअकराला इंजिनाचा आवाज उत्तरेच्या उथळ पाण्यात मंदावायचा, आणि घरात बसूनही गुन्वोरला कळायचं, की आता फोन वर झाले असतील.

सिवला फोन करायचं ती टाळत होती. सिव एकोणिसाव्या वर्षी बेट सोडून स्वीडनला, गोथेनबर्गला गेली होती आणि त्यानंतर नाताळच्या पत्रापुरती उरली होती. ती का गेली, यावर मायलेकी कधी बोलल्या नव्हत्या. शाळेत पोरं तिला 'बाटली' म्हणायची, हे एक कारण गुन्वोरला माहीत होतं. सप्टेंबर लागला, बोटी थांबल्या, कुरणातलं गवत पिवळं पडलं, तेव्हा कुठे तिने धीर केला.

"सिव, तुझे बाबा प्यायलेले नव्हते."

पलीकडून भांडी वाजल्याचा आवाज तेवढा येत होता.

"तिथं एक खडक होता," गुन्वोर म्हणाली. "पाण्याखाली, दीड वीत. तुझ्या काकाला माहीत होता. त्याने सांगितलं नाही."

"आई," सिव म्हणाली, "हे मी तुला सोळा वर्षांची असताना सांगितलं होतं."

"काय?"

"बोट काकाच्या वखारीमागे उलटी पडली होती, उन्हाळ्याच्या सणाच्या शेकोटीत त्याने ती जाळली त्याच्या आधी. मी तिच्याखाली घुसून खेळायचे. तळ फुटला होता. फळ्या आत वळल्या होत्या, आत. मी तुला म्हटलं, प्यायलेला माणूस बोटीतून पडतो, बोटीचा तळ खालून फोडत नाही. म्हटलं, काका खोटं बोलतो."

गुन्वोरला आठवलं. ती खुर्चीवर बसली.

"तू मला थोबाडीत मारलीस," सिव म्हणाली. "म्हणालीस, ज्याचं सरपण जाळतेस, त्याच्यावर थुंकतेस? आणि तीन वर्षं मी ते सरपण जाळत राहिले."

"मला वाटलं, तो खोटं कशाला बोलेल…"

"हो. तुला काकाचं पटलं. पाद्र्याचं पटलं. बाबांचं कुणी काही सांगतच नव्हतं, मी एक सोडून."

"सिव, एकदा ये गं."

"कशाला? खडक बघायला?"

"मला बघायला."

पलीकडे नळ सुरू झाला, बंद झाला.

"बघते," सिव म्हणाली. तिचा आवाज रागावलेला नव्हता, आणि तेच गुन्वोरला सहन झालं नाही. रागावली असती, तर काहीतरी शिल्लक आहे असं तरी म्हणता आलं असतं.

सिव त्या वर्षी आली नाही. नाताळला पत्र आलं, नेहमीसारखं, दोन ओळींचं. हिवाळ्यात एडवीनने काही बघितलं नाही. मे महिन्यात नवी माहितीपुस्तिका छापून आली, आणि दुकानात मीठ घ्यायला गेलेल्या गुन्वोरच्या पिशवीत बिर्गितने न विचारताच एक प्रत सरकवली. वरच्या पानावर तो तांबूस खडक होता, त्यावर सील, मागे निळं पाणी. खाली मोठ्या अक्षरांत त्याचं नवं नाव लिहिलं होतं: विधवेचा खडक.