पाचाची ओळ

विहिरी आटलेल्या. तलवाड्याकडच्या त्या वस्तीवर पाणी सोसायटीचा टँकर दिवसाआड यायचा. तो यायच्या आधीच सगळी वस्ती मारुतीसमोर गोळा झालेली, अन् मधोमध कफनीतले खडेमहाराज. मोजून एक हजार नऊ खडे आणायला लावले होते पठ्ठ्यानं!

"मांडा दोन-दोनच्या ओळी!" एक खडा उरला. "आता तीन-तीनच्या!" पुन्हा एकच. चारच्या, सहाच्या, सातच्या, आठच्या, नऊच्या... दरवेळी एकच खडा उपरा. बायांनी पटापट हात जोडले.

"हा खडा म्हंजे वस्तीतली एकटी बाई," महाराजांनी डोळे फिरवले. "तिनं पाऊस बांधलाय. तिची सावली टँकरवर पडली तर हाय ते पाणीबी जाईल!"

एकटी म्हणजे छबुबाई. नवरा गेलेला, मूल नाही, घरात आंधळी सासू तेवढी. सोसायटीचे चेअरमन आप्पाराव तिच्याकडं न बघताच म्हणाले, "छबुबाई, आजपासून टँकरवर येऊ नगा."

सासू तापानं फणफणलेली, रांजणात घोटभर पाणी. पण रडून कोण पाणी देतंय? ती सरळ खड्यांपाशी गेली.

"महाराज, पाचाची ओळ कावून सोडली? आमी कडब्याच्या पेंढ्या पाचुंद्यानं मोजतो. जनमभर पाच-पाचच मोजत आले मी."

"पाच आकडा देवाला चालत न्हाई!"

"अन् पंचामृत चालतंय व्हय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. छबुबाईनं बसकण मारली अन् पाच-पाच खडे मांडायला घेतले. दोघी-तिघी बाया मदतीला आल्या. शेवटी उरले चार.

"आता आणखी तिघी कोण? आप्पाराव, तुमच्या तीन सुनांची नावं घेऊ का?"

आप्पारावांचं तोंड एवढंसं झालं. महाराज झोळी आवरायला लागले.

आता कुठं मागं उभे असलेले शाळेतले धर्मराज गुरुजी पुढं आले. "एक हजार आठला दोन, तीन, चार, सहा, सात, आठ, नऊ, सगळ्यांनी भाग जातो. त्यात एक खडा वाढवला की तोच उरणार. अन् एक हजार नऊ ही मूळ संख्या. एक अन् ती स्वतः सोडून कशानंच तिला भाग जात नाही. कशाही ओळी मांडा, काहीतरी उरतंच. अशा संख्यांना अंत नाही. यात देव नाही की करणी नाही."

"तुमाला कवा कळलं, गुरुजी?" छबुबाईनं विचारलं.

"सातच्या ओळीला."

"मग बोलला कावून न्हाईत?"

गुरुजींनी चोरून आप्पारावांकडं बघितलं. शाळा आप्पारावांच्याच संस्थेची होती.

तेवढ्यात टँकर आला. मघाशी जे महाराजांचं खरं मानत होते तेच पुढं घुसले. तिचा नंबर येईस्तोवर पाइपातून नुसती हवा. 'चुकलं' असं एकानंही म्हटलं नाही.

"उद्या दुसरा महाराज येईल, दुसरे खडे घेऊन," छबुबाई गुरुजींना म्हणाली. "मला अक्षर येत न्हाई, तरी मी इचारलं. तुमाला तर समदं येतं. तुमी पहिल्या ओळीलाच उठत जा."

रिकामा हंडा काखेत घेऊन ती सासूकडं निघाली.